विरघळवा, गाळा, वाळू द्या : ओट्यावर करायचे पाच घरगुती प्रकल्प

मुलांबरोबर घरी केलेले प्रकल्प बिघडतात ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर. मिश्रण जमतं, आकार छान येतो, आणि जिथे दोन दिवस वाळू द्यायचं तिथे दोन तासांत हात लावला जातो. मग बटण तडकतं, कागद गुंडाळतो, खडीसाखरेच्या काडीवरची साखर सुटून तळाशी बसते. खालचे पाचही प्रकल्प वरवर वेगळे दिसतात: एक विज्ञानाचा, एक खाण्याचा, एक रंगांचा, दोन हस्तकलेचे. पण काम एकच आहे. काहीतरी पाण्यात विरघळवायचं किंवा भिजवायचं, नको ते गाळायचं आणि पाणी सावकाश जाऊ द्यायचं. म्हणून इथे प्रमाणाइतकाच भर पाणी किती वेगाने जातं यावर आहे.

मापं आधी ठरवून घ्या. इथे कप म्हणजे २४० मिली आणि चमचा म्हणजे ५ मिलीचा छोटा चमचा. घरात वजनकाटा असेल तर तोच वापरा. दोन कप साखर आणि दोन कप तुरटीची पूड यांची वजनं सारखी नसतात, आणि स्फटिकांच्या बाबतीत अंदाजपंचे चालत नाही. तुरटीसाठी वापरलेली बरणी आणि चमचा नंतर खाण्यासाठी वापरायचा नाही. त्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवा.

स्फटिकांना दिवस लागतात, म्हणून ते पहिल्या दिवशी मांडून टाका. कोबी आणि दूध एका दुपारचं काम आहे. कागदाला रात्रभर भिजवण अधिक अर्धा दिवस लागतो.

तुरटीचा मोठा स्फटिक

मिठाऐवजी तुरटी घ्यायचं कारण आहे. २० अंश सेल्सिअसच्या १०० मिली पाण्यात साधारण ११ ते १२ ग्रॅम तुरटी विरघळते. पाणी ४० अंशांवर नेलं की तेवढ्याच पाण्यात जवळपास दुप्पट मावते. गार होताना ही जास्तीची तुरटी पाण्यात राहू शकत नाही आणि स्फटिक होऊन बाहेर पडते. मीठ गरम पाण्यातही थोडंसंच जास्त विरघळतं, त्यामुळे पाणी गार केल्याने मिठाचा स्फटिक फारसा वाढत नाही. तिथे बाष्पीभवनाची वाट बघण्यावाचून गत्यंतर नसतं.

साहित्य: १०० ग्रॅम तुरटी आणि पुढे भर घालायला आणखी ३० ग्रॅम, ५०० मिली पाणी, काचेच्या दोन स्वच्छ बरण्या, एक उथळ बशी, मासे पकडायच्या गळाला असतो तसला नायलॉनचा एकपदरी बारीक दोरा, एक पेन्सिल आणि झाकायला पातळ कागद.

१. तुरटीचा खडा असेल तर जाड कापडात गुंडाळून बत्त्याने कुटा. अख्खा खडा विरघळायला फार वेळ घेतो आणि तोवर पाणी गार होतं.

२. वाफ दिसू लागेल इतपत पाणी तापवा, उकळवू नका. तुरटी घालून पाणी नितळ होईपर्यंत ढवळा. गढूळपणा राहिला तर गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर गाळणीतच स्फटिक धरतात.

३. ५० मिली द्रावण बशीत ओता, बाकीचं बरणीत. दोन्हींवर कागद झाका आणि जिथे कोणी धक्का मारणार नाही, ऊन येणार नाही अशा जागी ठेवा.

४. दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, बशीत लहान लहान स्फटिक दिसतील. त्यांतला ३ ते ५ मिलिमीटरचा, एकटा वाढलेला, नितळ आणि टोकदार कडांचा एक निवडा. हा आपला बीज-स्फटिक. दोन जुळलेले असतील तर तो घेऊ नका, पुढे तो वेडावाकडाच वाढतो.

५. बरणीच्या तळाशीही स्फटिक जमले असतील. वरचं पाणी अलगद दुसऱ्या बरणीत ओता. तळाचे स्फटिक फेकू नका, सुकवून ठेवा. भर घालायला तेच कामी येतात.

६. बीजाला दोऱ्याची सरकगाठ घालून दोरा पेन्सिलीला बांधा, पेन्सिल बरणीच्या तोंडावर आडवी ठेवा. बीज पाण्याच्या मधोमध लोंबकळायला हवं, काचेला टेकता कामा नये.

आता पाच मिनिटं हलू नका. बरणीमागे टॉर्च धरा आणि बीजाच्या अगदी जवळ बघा. पाण्यात बारीक, थरथरत्या रेघा दिसतील, तापलेल्या रस्त्यावरची हवा दिसते तशा. रेघा बीजापासून खाली ओघळत असतील तर बीज विरघळतंय: तुरटी पाण्यात उतरतेय, ते पाणी जड होऊन खाली जातंय. ताबडतोब बीज बाहेर काढा. रेघा वर चढत असतील तर पाण्यातली तुरटी बीजावर बसतेय आणि हलकं झालेलं पाणी वर जातंय. मग निर्धास्त राहा. मुलांना हा भाग दाखवलाच पाहिजे. एरवी दिवसेंदिवस न दिसणारी गोष्ट इथे डोळ्यांसमोर घडते.

बीज विरघळत असेल तर द्रावणात तुरटी कमी आहे किंवा ते अजून कोमट आहे. राखून ठेवलेल्यातली १० ते १५ ग्रॅम तुरटी घालून द्रावण पुन्हा तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग बीज सोडा. ‘पूर्ण गार’ म्हणजे हाताला गार लागेल एवढंच नव्हे, किमान चार-पाच तास.

दर तीन-चार दिवसांनी तळ बघा. तिथे नवे स्फटिक उगवले असतील तर ते आपल्या स्फटिकाच्या तोंडचा घास पळवताहेत. स्फटिक बाहेर काढून कोरडा करा, पाणी स्वच्छ बरणीत ओता आणि पुन्हा लोंबकळवा. दोऱ्यावर फुटलेले बारीक कणही नखाने काढून टाका. सुती दोरा टाळायचा तो याचसाठी: त्याच्या प्रत्येक तंतूवर एकेक स्फटिक धरतो आणि हाती येते ती मण्यांची माळ.

सगळं नीट झालं तर दोन-तीन आठवड्यांत आठ त्रिकोणी पृष्ठांचा आकार स्पष्ट होतो, जणू दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडलेत. कडा गोलसर झाल्या असतील तर बरणी दिवसा तापणाऱ्या जागी आहे: दिवसा थोडा विरघळतो, रात्री पुन्हा वाढतो. स्फटिक दुधाळ दिसत असेल तर तो घाईने वाढला आहे आणि वाढताना आत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकले आहेत. खाण्याचा रंग घालून रंगीत स्फटिक करायचा मोह बहुतेकांना होतो. घालून बघायला हरकत नाही, पण पाणी गडद निळं होतं आणि स्फटिक जवळजवळ पांढराच निघतो. स्फटिकाची रचना ठरलेली असते, तीत रंगाच्या अवजड रेणूंना सहसा जागा नसते.

बाहेर काढल्यावर नळाखाली धुवू नका. कागदी रुमालाने टिपा आणि एक दिवस वाळवून रंगहीन नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. तुरटीच्या स्फटिकाच्या रचनेतच पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडतं आणि पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते. गरम जागी तर ठेवूच नका, साधारण ९२ अंशांना तो स्वतःच्याच पाण्यात वितळतो.

काडीवरची खडीसाखर

तत्त्व तेच, स्वभाव वेगळा. साखरेचा पाक दाट असतो, त्यातून साखरेचे रेणू काडीपर्यंत पोचायला वेळ घेतात. तुरटी एका रात्रीत रंग दाखवते, साखर पहिले दोन दिवस काहीच दाखवत नाही. म्हणूनच तिसऱ्या दिवशी कोणीतरी काडी हलवून बघतं आणि प्रकल्प संपतो.

६०० ग्रॅम साखर (तीन कप) आणि एक कप पाणी घ्या. आदल्या रात्री लाकडी काड्या पाण्यात बुडवून साखरेत घोळवा आणि रात्रभर वाळवा. हा टप्पा वगळू नका. ओलसर काडी गरम पाकात गेली की तिच्यावरची साखर सुटून खाली पडते, काडी बोडकी राहते आणि सगळे स्फटिक तळाशी वाढतात.

पाणी उकळू लागलं की साखर तीन हप्त्यांत घाला. आधीची विरघळल्याशिवाय पुढची नको. पाक नितळ दिसला की गॅस बंद. जास्त वेळ उकळलात तर पाणी उडून जातं आणि गार झाल्यावर बरणीत एकच ढेप जमते. भांड्याच्या कडेला चिकटलेली साखर ओल्या ब्रशने पुसून घ्या, तीच पुढे नको तिथे बीज होऊन बसते. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि अंगावर पडला तर चिकटून बसतो, त्यामुळे ओतण्याचं काम मोठ्यांनीच करायचं.

पाक कोमट होऊ द्या, मग बरणीत ओता आणि काडी तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहील अशी चिमट्याने अडकवा. एका बरणीत एकच काडी; दोन ठेवल्या तर एकमेकींना चिकटून वाढतात. वासासाठी अर्धा चमचा इसेन्स चालेल, लिंबाचा रस मुळीच नको. आम्लामुळे साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि हे दोघे मिळून स्फटिक बनू देत नाहीत. मिठाईच्या पाकात साखर जमू नये म्हणून लिंबू पिळतात ते याच गुणासाठी. इथे आपल्याला नेमकं उलटं हवंय.

वरच्या बाजूला साखरेची पापडी धरते, ती दर दोन दिवसांनी काडी न हलवता चमच्याच्या टोकाने फोडा. पाच ते सात दिवसांत काडी भरते. बरणीला घट्ट बसली असेल तर ओढू नका, बरणी पाच मिनिटं गरम पाण्यात उभी ठेवा. मग काडी रिकाम्या पेल्यात दोन तास निथळत ठेवायची. उरलेला पाक सरबताला उत्तम.

कोबीचा रंग आणि आम्ल ओळखणाऱ्या पट्ट्या

जांभळ्या कोबीचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो. भोवतालच्या आम्लतेप्रमाणे त्याचा रेणू थोडा बदलतो आणि त्याबरोबर रंगही. पाव किलो कोबी बारीक चिरून अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा, गाळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, लोखंड आणि ॲल्युमिनियममुळे रंग बदलतो.

सहा पारदर्शक पेल्यांत प्रत्येकी ३० मिली रस घ्या. एक पेला तसाच राहू द्या, तुलनेला तो लागतोच. बाकीच्यांत चमचा-चमचाभर लिंबाचा रस, व्हिनेगर, पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा, साबणाचं पाणी आणि साधं नळाचं पाणी घाला. लिंबाचा पेला गुलाबी-लाल होईल, सोड्याचा निळा किंवा निळसर हिरवा, तर धुण्याच्या वडीचं पाणी हिरव्याकडे झुकेल. कोबी उकळतानाच रस निळा पडला तर समजा की नळाचं पाणी क्षारयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, आहे. काही थेंब व्हिनेगर घातलं की जांभळा परत येतो.

एक गोष्ट निक्षून: जंतुनाशक ब्लीच या खेळात आणायचं नाही. ते आम्लात मिसळलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. संडास आणि नाल्या साफ करायची द्रावणंही कपाटातच राहू द्या.

पट्ट्यांसाठी टीपकागद किंवा कॉफीचा गाळण-कागद रसात बुडवा, सावलीत वाळवा, पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा. एकदाच बुडवलेल्या पट्टीचा रंग इतका फिका असतो की बदल ओळखू येत नाही. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. साध्या छपाईच्या कागदाच्या पट्ट्या करू नका. हल्लीच्या बहुतेक कागदांत कॅल्शियम कार्बोनेटची क्षारयुक्त पूड असते, त्यामुळे पट्टी वाळता वाळताच निळी पडते. हे आधी माहीत नसेल तर चूक शोधण्यात अख्खी दुपार जाते.

रस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, मग वास मारतो. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर पुढच्या वेळी एकेक वडी वापरता येते.

दुधाची बटणं

प्लास्टिक स्वस्त होण्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दुधातल्या केसीन या प्रथिनापासून बटणं, कंगवे, पेनांची टोपणं बनत. त्या पदार्थाचं नाव गॅलालिथ, म्हणजे ग्रीकमध्ये ‘दूध-दगड’. कारखान्यात केसीन फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनात मुरवून टणक करत. ते घरी करायचं नाही, त्यामुळे आपली बटणं दिसायला तशीच असली तरी पाण्यात मऊ पडतात. शोभेची वस्तू, मणी, फ्रिजवरचा चुंबक यांसाठी ठीक. धुवायच्या कपड्यावर लावू नका.

एक कप दूध वाफा येईपर्यंत तापवा, उतू जाऊ देऊ नका. गॅस बंद करून चार चमचे पांढरं व्हिनेगर घाला आणि हलक्या हाताने ढवळा. दुधातलं केसीन ४.६ पीएचच्या (पीएच म्हणजे आम्लतेचं माप) आसपास एकमेकांना धरून गोळा होतं, आणि व्हिनेगर दुधाला तिथवर आणतं. गाठी आणि पिवळसर निवळ पाणी वेगळं झालं नाही, नुसतं पांढरट पाणीच दिसत राहिलं, तर दूध पुरेसं गरम नव्हतं किंवा आम्ल कमी पडलं. आणखी एक चमचा घाला.

पातळ कापडातून गाळा, गार पाण्याने एकदा धुवा (व्हिनेगरचा वास जातो) आणि घट्ट पिळा. हाती येतो तो लिंबाएवढा गोळा, एवढंच. तो खरबरीत आणि विस्कटणारा वाटेल. ओट्यावर तळहाताने तीन-चार मिनिटं मळत राहिलात की एकजीव होतो. बोटांना तेलकट लागत असेल तर ते दुधातलं स्निग्धांश. साय काढलेलं दूध घेतलं तर गोळा जास्त घट्ट बसतो आणि बटण कमी तडकतं.

जाडी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. भोकं ओलं असतानाच काडीने पाडा, आणि हवी त्यापेक्षा जराशी मोठी, कारण वाळताना सगळं आकसतं. मग जाळीवर, सावलीत, दोन ते तीन दिवस, सहा-सहा तासांनी उलटत. ऊन, पंखा, ओव्हन यांतलं काहीच नको. वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओला गाभा आकसायला तयार नसतो, आणि त्या ओढाताणीत वरच्या थराला भेग पडते. पसरट ताटात ठेवलेली बटणं वाटीसारखी वाकतात तीही याच कारणाने: खालची बाजू श्वास घेत नाही. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मग रंगवा.

हातकागद

दहा ए-फोर कागद म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. त्यांतून वहीच्या अर्ध्या पानाएवढे आठ ते दहा जाडसर कागद निघतात. चकचकीत मासिकाचे कागद टाळा. वर्तमानपत्र घेतलं तर कागद राखाडी होतो आणि लवकर पिवळा पडतो.

कागदाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. कात्रीने नाही, हाताने फाडून. फाडल्यावर कडेचे तंतू लांब राहतात. रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी मूठभर तुकडे आणि पाऊण लिटर पाणी मिक्सरमध्ये घालून दहा-दहा सेकंदांचे तीन-चार फेरे द्या. एकही अख्खा तुकडा दिसता कामा नये, पण पेस्टही व्हायला नको. फार फिरवलं की तंतू तुटतात आणि कागद लवकर फाटतो.

सारख्या मापाच्या दोन लाकडी चौकटी लागतात. एकीवर बारीक जाळी ताणून ठोका, दुसरी मोकळी. पसरट टबमध्ये सात-आठ लिटर पाणी घेऊन लगदा ओता. शाई फुटू नये म्हणून दोन चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात शिजवून त्यात मिसळा. प्रत्येक बुडवणीआधी हाताने पाणी ढवळायचं, नाहीतर लगदा तळाशी बसतो.

जाळी वरच्या बाजूला, तिच्यावर मोकळी चौकट, दोन्ही घट्ट धरून टबच्या कडेने तिरक्या खाली न्या, पाण्यात आडव्या करा आणि सपाट ठेवून सरळ वर उचला. पाणी गळत असतानाच चौकट एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे हलवा. पृष्ठभागावर पाण्याची चमक असते, दोन-तीन सेकंदांत ती एका बाजूने विझत जाते. ती विझायच्या आत हलवणं थांबलं पाहिजे, त्यानंतर हलवलं तर कागदाला भेगा पडतात. भोकं दिसली किंवा एक बाजू जाड आली तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही: चौकट पालथी करून लगदा टबमध्ये परत सोडा आणि पुन्हा उचला.

वरची चौकट काढा, जाळी ओल्या सुती कापडावर पालथी घाला आणि मागून स्पंजने पाणी टिपत राहा. जाळी एका कडेने उचला. कागद जाळीलाच चिकटून वर येत असेल तर पाणी पुरेसं टिपलेलं नाही. वर दुसरं कापड घाला, त्यावर पुढचा कागद, अशी चळत रचून फळीखाली अर्धा तास दाबा. या दाबावर कागदाची ताकद ठरते. पाणी निघून जाताना तंतू जितके जवळ येतील तितके ते एकमेकांना घट्ट धरतात. डिंक लागत नाही. वाळवताना कागद कापडासकट काचेवर किंवा सपाट फळीवर चिकटवा. मोकळा लटकवलात तर वाळेल, पण गुंडाळी होऊन.

उरलेला लगदा मोरीत ओतू नका, नळी तुंबते. कापडातून पिळून गोळे करून वाळवा, पुढच्या वेळी भिजवून वापरता येतात.

या कागदावर कोबीच्या रसाने चित्र काढायचं असेल तर आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. छपाईच्या कागदापासून केलेला लगदा क्षारयुक्त असतो, त्यामुळे जांभळा थेंब हिरवट निळा होतो. जांभळाच हवा असेल तर लगद्याच्या टबमध्ये आधीच अर्धा कप व्हिनेगर घाला, बुडबुडे थांबेपर्यंत ढवळा आणि एक कागद उचलून, वाळवून पुन्हा थेंब टाकून बघा. अजून निळा पडत असेल तर आणखी व्हिनेगर. पण तसाच ठेवलात तर एक गंमत करता येते: सगळा कागद रसाने रंगवून सावलीत वाळवा आणि मुलांच्या हातात लिंबाच्या रसात बुडवलेला ब्रश द्या. रेघ जाईल तिथे गुलाबी उमटतं. ब्रश दोन-तीनदा फिरवायला लागेल, कारण पहिलं आम्ल कागदातल्या कार्बोनेटलाच खर्ची पडतं.